हिरवा दिवा, नळ फिरवा

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकच कविता केली, आणि तीही तीन ओळींची. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या लोकांपैकी चार-पाच जणांनी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली. डोळे पुसत म्हणाले, किती साधा माणूस, किती सोपं करून सांगायचा. मी मान हलवत होते. त्या कवितेचं काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ठाऊक होतं ती भेटायला आली नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, मिसरूड नुकतं फुटत होतं, आणि थोरल्या भावाची बायको म्हणजे आई आणि हेडमास्तरीण यांच्या मधलं काहीतरी असतं अशी त्यांची समजूत होती. ती समजूत मी कधी मोडली नाही. ती माझ्या फार सोयीची होती.

पुढे ते सोलरच्या कंपनीत मेकॅनिक म्हणून लागले. छपरावर काचेच्या नळ्यांची चौकट, तिच्या डोक्यावर आडवी टाकी, आणि खाली न्हाणीघराच्या दाराशेजारी तळहाताएवढी पांढरी पेटी. पेटीवर तीन दिवे. हिरवा लागला की पाणी तयार. पिवळा लागला की ऊन पुरलं नाही, आता विजेवर तापतंय, जरा थांबा. लाल लागला की काहीतरी बिघडलंय. यात न कळण्यासारखं काय आहे असं आपल्याला वाटेल. पण लोकांच्या डोक्यात जुना विजेचा गीझर घट्ट बसलेला. गीझरचा लाल दिवा म्हणजे पाणी तापतंय. त्यामुळे सोलरवर लाल दिवा दिसला की माणसं खूश व्हायची, टॉवेल खांद्यावर टाकून तासभर बसायची, आणि मग थंडगार पाण्याखाली उभं राहून भाऊजींच्या आईवडिलांचा उद्धार करायची. ते आईवडील म्हणजे माझे सासूसासरे, त्यामुळे मला काही फारसं वाईट वाटायचं नाही.

असे सात-आठ फोन एका दिवशी आले तेव्हा भाऊजी जेवणाच्या टेबलावर रंगीत पेन्सिली घेऊन बसले आणि उठले ते कविता करूनच.

हिरवा दिवा, नळ फिरवा.
पिवळा दिवा, धीर ठेवा.
लाल दिवा, मला बोलवा.

प्रत्येक ओळीआधी त्या त्या रंगाचा गोल, आणि खाली स्वतःचा फोन नंबर. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक घरी पेटीच्या खाली असा कागद ते खळीने चिकटवून यायचे. कंपनीतले लोक त्यांना कविराज म्हणायला लागले. दोन वर्षांनी कंपनीने ती कविता माहितीपुस्तकात छापली, त्यात 'मला बोलवा'चं 'कंपनीला बोलवा' केलं, आणि कवीचं नाव गाळलं. नाव गाळल्याचं भाऊजींना काही वाटलं नाही. पण ओळ लंगडी केली म्हणून ते दोन दिवस धुसफुसत होते.

आणि माणूस कामात खरोखर हुशार होता. समोर ताट असायचं आणि कानाला फोन. "लाल दिवा मिचकतोय ना? मोजा बरं. दोनदा मिचकून थांबतो की तीनदा?" दोनदा म्हणजे टाकीत पाणी नाही. तीनदा म्हणजे सेन्सर, म्हणजे पाण्याची उष्णता मोजणारी कांडी, गेली. एक आजोबा न थांबता मोजत सुटले आणि एकशे बारावर येऊन विचारते झाले की आता पुढे काय करू. पिवळा दिवा भर उन्हात दिवसभर जळत असेल तर भाऊजी छपरावर जायच्या आधीच विचारायचे, "नळ्या कधी पुसल्या होत्या?" समोरचा विचारायचा, "पुसायच्या असतात का?" मग ते भाताचा घास घेत म्हणायचे, "पुसा. मग बोलू."

लग्न त्यांनी केलं नाही. लोकांना वाटतं, भावासाठी केलं नाही. माझ्या नवऱ्याचं डावं अंग लुळं पडलं तेव्हा भाऊजी बत्तीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर घरात मिळवते तेच एकटे. भावाला उचलायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, सगळं तेच करायचे, तेव्हा लोकांचं म्हणणं खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. तीनदा स्थळं आली होती आणि तिन्ही वेळा मी काहीतरी खोट काढली. एक मुलगी फार बोलत होती, एक अजिबात बोलत नव्हती, आणि तिसरीत काय काढलं होतं ते आता मला आठवतही नाही. भाऊजी दर वेळी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

टेलरबाई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहायचं घर. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, जे येईल ते शिवायची. नवरा फार वर्षांपूर्वी सोडून गेलेला, मूलबाळ नाही, चाळिशी उलटलेली, तोंडाने फटकळ. तिच्या पेटीवरचा लाल दिवा महिन्यातून दोनदा तरी मिचकायचा, आणि भाऊजी प्रत्येक वेळी जातीने जायचे. मी एकदा म्हटलं, "त्या बाईंचा सेन्सर फारच हळवा दिसतो." भाऊजींचे कान लाल झाले. पुढे त्यांच्या कंपनीच्या शर्टाचा खिसा मी धुताना पाहिला. टेस्टर टोचून टोचून तिथे भोक पडायचं, तर आतून दुहेरी कापड लावून, बारीक टाक्यांनी, असा शिवलेला की बाहेरून कळू नये. घरात शिवणकाम मी करत होते. त्या टाक्यांनी मला दोन रात्री झोप लागू दिली नाही.

तिची पेटी जुनी झाली होती. कंपनीच्या नव्या पेट्या आल्या तेव्हा भाऊजींनी त्यातली पहिली तिच्याकडे बसवली. सोबत चाळीस पानांचं नवं माहितीपुस्तक होतं, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरातलं. ते त्यांनी घरी आणून फडताळावर ठेवून दिलं. मी सहज म्हटलं, "वाचून तरी बघा." तर हसले. "मी काय वाचायचं, वहिनी? त्यात माझीच तर कविता आहे."

ती कविता नव्या पुस्तकातून काढून टाकली होती. आणि दिव्यांचे अर्थ बदलले होते. कुठल्यातरी गार खोलीत बसलेल्या उंटावरच्या शहाण्याने ठरवलं होतं की हिरवा दिवा स्थिर असेल तर फक्त वीज चालू आहे, आणि हिरवा मिचकत असेल तर टाकीतलं पाणी बेसुमार तापलंय, आधी थंड पाण्याचा नळ सोडा आणि गरम पाण्याखाली हात घालू नका. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं. मेकॅनिक लोकांना त्याचं पत्रक यायला तीन आठवडे लागले. तोवर भाऊजींनी नव्या पेटीखाली आपला जुना कागद नव्याने लिहून चिकटवला होता, आणि या वेळी गोल रंगवताना जरा जास्तच वेळ घेतला होता.

त्याच तीन आठवड्यांत टेलरबाई पाच दिवस बहिणीकडे गेली. ऊन कडक, टाकीतलं पाणी कुणी वापरत नव्हतं, ते तापत राहिलं. परत आली त्या दुपारी तिला कोटांचं काम संपवायचं होतं. अस्तराचं कापड शिवण्याआधी गरम पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आकसतं. तिने पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा मिचकत होता. तिला वाटलं, दिवा जरा सैल झाला असेल, कविराज येतील तेव्हा सांगू. कापडाची घडी दोन्ही हातांत धरून तिने कोपराने नळ फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली आणि मग उकळतं पाणी धो धो आलं. नुसतं पाणी असतं तर हात मागे घेता आला असता. ते कापड भिजून दोन्ही हातांना गुंडाळलं गेलं आणि झटकता येईना. इस्पितळात ते कापून काढावं लागलं.

भाऊजी इस्पितळातून आले ते थेट फडताळाशी गेले. पुस्तक काढून एकतिसावं पान त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, शाळेतलं पोर वाचतं तसं, एकेका शब्दावर थांबत. मग म्हणाले, "वहिनी, मी तिला चुकीचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टेलरबाईच्या बहिणीने तक्रार केली होती आणि शुक्रवारी चौकशी अधिकारी तिच्या घरी पेटी बघायला येणार होता. साहेबांनी एक कागद टेबलावर ठेवला. त्यावर छापलं होतं की नव्या दिव्यांची संपूर्ण माहिती ग्राहकाला समजावून दिली आहे, आणि खाली मेकॅनिकच्या सहीसाठी रेघ. तारीख पेटी बसवल्याच्या दिवसाची.

"पण मी समजावून दिली नाही," भाऊजी म्हणाले. "मलाच माहीत नव्हती."

"पुस्तक तुमच्या हातात दिलं होतं ना?" साहेबांचा आवाज मऊ होता. "मग माहीत नव्हती कसं म्हणता येईल? वाचलं नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग चूक तुमची एकट्याची. कंपनी काय करणार?"

"माझी आहेच चूक. तेच सांगतो की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस पोचलेला होता, घरात कुणाशी बोलायचं ते त्याला बरोबर कळलं. "वहिनी, तुम्ही सांगा यांना. मी संध्याकाळी येतो," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मी सांगितलं. अगदी शांतपणे सांगितलं, आवाज चढवला असता तर भाऊजी कदाचित अडून बसले असते. म्हटलं, खरं बोलून तिचे हात बरे होणार आहेत का? पन्नाशीला आलेल्या मेकॅनिकला, तोही एका बाईला भाजवून काढून टाकलेला, कोण छपरावर चढू देईल? मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि सगळं ऐकत होता. "दादाला उद्यापासून काय सांगायचं, तेही सांगा," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी सही केली. साहेब गेल्यावर बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिच्या भिंतीवर कागद आहे. अधिकारी बघेलच. बघितला की त्याला कळेल." त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसलं. स्वतःच्या तोंडाने जे सांगता आलं नाही ते कागद सांगेल आणि आपण सुटू, असा हिशेब त्या भोळ्या माणसाने मांडला होता. भावाचा घासही जाणार नाही आणि तिच्याशी खोटंही होणार नाही.

माझा हिशेब तिथेच झाला. कागद दिसला तर सही खोटी ठरणार, आणि मग आगीतून फुफाट्यात. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं, आणि ते खरंच होतं. पण आता माझं वय झालंय, झाकून कुणासाठी ठेवू? दुसरंही कारण होतं. कागद दिसला असता तर तिला कळलं असतं की हा माणूस आपल्याशी खोटं वागला नाही, आणि मग त्या दोघांच्या मध्ये कसलीच आडकाठी उरली नसती. तो खिसा मी विसरले नव्हते.

गुरुवारी मला वाटही शोधावी लागली नाही. टेलरबाईनेच भाऊजींबरोबर निरोप पाठवला होता की तुमच्या वहिनींना सांगा, माझे दोन गाऊन आणि कंगवा आणून द्या, किल्ली शेजारी आहे. तिने विश्वासाने किल्ली दिली आणि मी ओलं फडकं घेऊन गेले. कागद भिजवला, खळी सुटू दिली, नखाने कडा उचलली. सबंध निघाला, कुठे फाटला नाही. चिकाटीचं काम मला पहिल्यापासून जमतं. त्याच्या मागे भिंतीचा जुना रंग तेवढ्याच मापाचा, जरा उजळ, तसाच राहिला होता. मी तोही पुसून पाहिला पण तो जाईना.

मग तिचे गाऊन घड्या घालून पिशवीत भरले. बाहेर पडताना शिवणयंत्रावर झाकलेलं काहीतरी दिसलं, म्हणून फडकं उचललं. निळसर पांढऱ्या कापडाचा पुरुषाचा शर्ट होता. कंपनीचा नव्हे, चांगला, बाहेर घालायचा. माप मला पाठ होतं, गेली तीस वर्षं मीच ते कपडे धुतले होते. काजं करायची तेवढी राहिली होती. मी फडकं होतं तसं झाकलं आणि कुलूप लावलं.

शुक्रवारी तिच्या न्हाणीघरापुढच्या छोट्या बोळात आम्ही सहाजण दाटीने उभे होतो. अधिकारी, कंपनीचे साहेब, टेलरबाई, तिची बहीण, भाऊजी आणि मी. बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, ते तिने छातीशी धरले होते. अधिकाऱ्याने पेटी पाहिली, आकडे लिहून घेतले. मग विचारलं, "दिव्यांबद्दल इथे काही सूचना लावलेली होती का?"

तिने भिंतीकडे पाहिलं. तो उजळ चौकोन डोळ्यांत भरण्यासारखा होता, पण ज्याला ठाऊक आहे त्यालाच. मग तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी भिंतीकडे बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मग त्यांची मान हळूहळू वळली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली कुणाकडे होती हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"नाही," टेलरबाई म्हणाली. "सूचना वगैरे काही नव्हती. कंपनीच्या माणसाने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

"अगं, काय बोलतेस?" बहीण म्हणाली.

"जे झालं ते बोलते."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. मग तिच्या हातांकडे पाहून ओशाळला. "अंगठा तरी..." म्हणाला. शेवटी त्याने स्वतःच लिहिलं की जबाब देणारी व्यक्ती सही करण्यास असमर्थ. साहेबांनी जाताना तिला लवकर बरं वाटो असं म्हटलं आणि पायऱ्या उतरताना फोन लावला.

बहीण त्यांच्या मागे भांडायला गेली. बोळात आम्ही तिघंच राहिलो. मी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत होते. टेलरबाईने भाऊजींना अगदी साध्या आवाजात विचारलं, "कागद तुम्ही काढलात?"

मी बोलायला हवं होतं. तीन शब्द पुरले असते. मी मूग गिळून उभी राहिले आणि मनात म्हणत होते की आता भाऊजी सांगतील, सांगितलं तर सांगू देत, मी खाली मान घालीन. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ते म्हणाले. "मीच काढला."

ती म्हणाली, "मशीनवर तुमचा शर्ट आहे, तो घेऊन जा. काजं राहिलीत. दुसरीकडे करून घ्या."

रस्त्यात मी दोन पावलं मागे होते. कोपऱ्यावर आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, ऐका तरी." ते म्हणाले, "दादाच्या औषधाची वेळ होत आलीय," आणि झपझप चालायला लागले. शर्ट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला होता.

निकालात ग्राहकाचा निष्काळजीपणा असं आलं. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आखडली ती आखडलीच. यंत्र विकून ती बहिणीकडे राहायला गेली. त्याच वर्षी कंपनीने भाऊजींना ग्राहक-शिक्षणाबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांनी घरी आणून माझ्या हातात ठेवलं, कुठे ठेवायचं ते मला सुचेल अशा खात्रीने. पुढे माझा नवरा गेला, त्यालाही भाऊजींनीच शेवटची अंघोळ घातली. मग नोकरी संपली. त्यानंतर सहा वर्षं घरात आम्ही दोघंच होतो, आणि सहा वर्षं मी रोज वाट पाहिली की आज तरी हा माणूस ताट भिरकावेल, निदान एक वाकडा शब्द बोलेल. एकदा मी स्वतःहून विषय काढला. म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत?"

ते शेंगा सोलत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं तर मला या घरात राहता आलं नसतं, वहिनी. आणि दादाला सोडून मी कुठे जाणार होतो?"

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी मला वाचवलं, निदान तेवढी तरी माझी किंमत होती. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. बाहेरून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं की चहा टाकताय का, आणि मी टाकला.